उणे वीसचा माल

दुबईत थंडीचे कपडे कुठल्या महिन्यात चांगले मिळतात असं कुणी विचारलं, तर मी बेधडक ऑगस्ट सांगतो. बाहेर पारा ४५ च्या घरात असतो. गाडीच्या स्टिअरिंगला रुमाल गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की जुनेजाणते रहिवासी उन्हाळ्यात गिझर बंद ठेवतात आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतात. म्हणजे गिझरच्या नळाला गार आणि गारच्या नळाला कढत. अशा दिवसांत मॉलमधल्या काचेआड मात्र कानटोपी, मफलर आणि हातमोजे चढवून पुतळे उभे असतात, आणि त्यांच्यासमोर अर्ध्या चड्डीतली माणसं गंभीर चेहऱ्यानं किमतीची चिठ्ठी उलटसुलट करून पाहत असतात.

यात वेडेपणा काही नाही. या देशातली थंडी दाराबाहेर नसते, आत असते. आमच्या ऑफिसातला एसी १८ वर कुणी नेऊन ठेवला हे आजवर उघडकीला आलेलं नाही, पण त्यापायी हिशेब खात्यातल्या बाई भर जुलैत अर्ध्या बोटांचे लोकरी मोजे घालून व्हॅटचं विवरण भरतात. सिनेमाला जाताना लोक शाल नेतात. आणि मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये तर २००५ पासून एक आख्खा बर्फाचा उतारच छपराखाली आणून ठेवलाय. स्की दुबई. २२,५०० चौरस मीटरचा पसारा, ८५ मीटर उंची, सगळ्यात लांब घसरण ४०० मीटरची, आणि दिवसा तापमान उणे एक-दोन. रात्री पारा आणखी खाली उतरवून बर्फ पाडतात, सकाळी गिऱ्हाईक आलं की ताजा. अबू धाबीला हे कसं सहन व्हावं? २०२३ पासून तिथेही रीम मॉलमध्ये बर्फ पडतो.

महाराष्ट्रातून पाहुणे आले की बुर्ज खलिफानंतर त्यांना स्की दुबईत नेणं हा इथला यजमानधर्म आहे. जॅकेट, विजार, बूट तिथेच घालायला मिळतात. हातमोजे मात्र मंडळी आपापलेच आणतात. परक्या माणसानं घातलेला कोट आपण चालवून घेतो, पण परक्याच्या हातमोज्यात बोटं घालायची कल्पना कुणालाच सोसत नाही. मग पाहुणे निघण्याआधी आठ दिवस तुळशीबागेतून काहीतरी झुपकेदार घेऊन येतात, तासभर बर्फात लोळतात, पेंग्विनबरोबर फोटो काढतात, गरम चॉकलेट पितात आणि बाहेर येऊन सांगतात, ‘मोजे एक नंबर निघाले हो. उणे दोनमध्ये काही म्हणता काही झालं नाही.’

माझा आक्षेप आहे तो इथे. स्की दुबईचा बर्फ कोरडा, मुक्काम तासाभराचा, आणि तोल गेलाच तर धरायला कठडा. तिथे पास झालेल्या हातमोज्याला काय अर्थ आहे? पण या एका तासाच्या जोरावर दुबईतल्या मराठी मंडळींनी थंडीबद्दल जी ठाम मतं बनवली आहेत, ती ऐकून एखाद्या शेर्पाला घाम फुटेल.

आमचा मेव्हणा या मंडळींतला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो शारजात राहतो, इंजिनियर आहे, आणि सातारा जिल्ह्यात वाढलेला असल्यामुळे त्याला सपाट जमीन मानवत नाही. सुट्टी मिळाली की रास अल खैमाच्या वादी बिहमध्ये चुनखडीच्या कड्यांवर लोंबकळायला जातो. उन्हाळ्यात तेही अशक्य झालं की अबू धाबीतल्या यास बेटावर क्लाइंब नावाच्या ठिकाणी एसीतल्या ४३ मीटरच्या भिंतीवर चढतो. गेल्या वर्षी त्यानं जाहीर केलं की तो आणि त्याचे मित्र हिवाळ्यात जॉर्जियाला, कझबेगीच्या बाजूला, गोठलेले धबधबे चढायला जाणार आहेत.

साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. ‘गोठलेला धबधबा चढायचा म्हणजे काय रे? तो वितळला तर?’

‘आई, हिवाळ्यात नाही वितळत.’

‘मग पुन्हा वाहायला कसा लागतो?’

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मेव्हण्यानं विषय हातमोज्यांवर आणला आणि फसला. कारण २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमीची मंडळी एव्हरेस्टवर जाऊन आल्यापासून आमच्याकडे घरटी एक तरी गिर्यारोहणतज्ज्ञ तयार झालाय. एका मामांनी लोकरीचे घे सांगितलं. दुसऱ्यांनी लोकर ओली झाली की जड होते, लेदरचे घे म्हणून कळवलं. सासूबाईंनी कुणालाच न विचारता विणायला घेतले.

मेव्हण्याचा अनुभव पावसाळी. जुलैत भर धबधब्यात दोरावरून उतरायचं, हातात कातड्याचे मोजे, ते पहिल्या दहा मिनिटांत पाण्यानं टम्म. पण सह्याद्रीत पावसाळ्याचं पाणी कितीही अंगावर आलं तरी हवा विशीच्या आसपास असते. तिथे हातमोजा दोराच्या चटक्यासाठी असतो, थंडीसाठी नाही. भिजला तर भिजला, पिळून पुन्हा घालायचा. बर्फावर असं केलं तर बोटं परत मिळण्याची खात्री नसते.

तेव्हा एका शनिवारी तो, मी आणि माझी बायको अशी फौज मॉलमधल्या दुकानात गेली. विक्रेता केरळचा, अत्यंत मनमिळाऊ. त्यानं तीन जोड्या काचेवर मांडल्या आणि पत्ते पिसल्यागत सांगितलं, ‘सर, ये मायनस टेन, ये मायनस ट्वेंटी, ये मायनस थर्टी.’

‘दाजी, उणे वीस म्हणजे कुणासाठी?’ मेव्हण्यानं मला विचारलं. ‘उभ्या माणसासाठी की चढणाऱ्या? किती वेळ? वारा धरून की सोडून?’

मी विक्रेत्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘सर, मायनस ट्वेंटी तक कोई टेन्शन नहीं.’ बाहेर त्या वेळी अधिक एकेचाळीस होतं. त्याला तरी कसलं टेन्शन असणार?

त्या आकड्यातली मेख मला नंतर मेव्हण्याकडून समजली, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात रंजक गोष्ट वाटते. हाताचा खरा वैरी उणे वीस नव्हेच. उणे वीसला बर्फ कडक आणि कोरडा असतो, झटकला की पडतो. वैरी आहे शून्याच्या आसपासचं हवामान. बर्फ तिथे घाम आल्यासारखा पाझरतो, वरून थेंब पडतात, मोजा भिजतो, आणि भिजलेला मोजा हाताची ऊब बाहेर ओतायला लागतो. स्थिर हवेपेक्षा पाणी उष्णता साधारण पंचवीस पट वेगानं वाहून नेतं. म्हणजे उणे तीसची चिठ्ठी लावलेला मोजा आतून ओला झाला की त्याची किंमत रुमालाइतकी. स्कॉटलंडचे गिर्यारोहक हिमालय चढून येतात आणि घरच्या टेकड्यांवर हात गारठल्याची तक्रार करतात, त्याचं कारण हे.

त्यात बर्फाची भिंत चढण्याची रीतच हाताच्या मुळावर येणारी. दोन हातांत दोन आइस ॲक्स, दोन्ही डोक्याच्या वर, मूठ आवळलेली. रक्त वरती चढायला नाखूश, आवळलेल्या मुठीत शिरायला त्याहून नाखूश. वितळलेलं पाणी ॲक्सवरून मनगटाकडे आणि मनगटावरून थेट कोपरापर्यंत. बोटं बधिर होतात तोवर फारसं दुखत नाही. दुखतं ते वर पोचल्यावर, हात खाली आले आणि रक्त परतलं की. त्या वेळी भलेभले गडी ओरडतात, काहींना ओकारी येते. मेव्हणा हे सांगत असताना बायको शांतपणे म्हणाली, ‘आणि याचे तुम्ही पैसे भरणार?’

या प्रश्नाकडे पुन्हा यावं लागेल.

तर जाड मोजा घ्यावा? जाड मोज्यानं ॲक्स धरायला जास्त जोर लागतो, जास्त जोरानं रक्त आणखी अडतं, म्हणजे जितका जाड तितका गार, असा उरफाटा हिशेब. बारीक घ्यावा तर उभं राहिलं की गारठा. घट्ट घ्यावा तर भरणातली हवा चेपली जाते, आणि ऊब तर त्या हवेतच असते. सैल घ्यावा तर बोटाच्या टोकाशी रिकामी पिशवी लोंबते आणि बर्फात स्क्रू फिरवताना तीच स्क्रूत अडकते. सगळ्यात उबदार असतो तो मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असलेला प्रकार, कारण एकत्र कुटुंबासारखी ती बोटं एकमेकांची ऊब वापरतात. पण एकत्र कुटुंबाप्रमाणेच त्यात कुणा एकाला स्वतःचं असं काही करता येत नाही. म्हणून जाणते लोक एक जोडी घेतच नाहीत. पायथ्यापर्यंत चालत जायला पातळ, कारण तेव्हा घाम येतो आणि पहिला ओलावा बाहेरून नाही, आपल्याच हातातून येतो. चढायला मध्यम. आणि खाली उभं राहून दुसऱ्याचा दोर सांभाळताना भलेमोठे. शिवाय एखादी जास्तीची जोडी, तीही पिशवीत नाही तर जॅकेटच्या आत छातीशी.

हे सगळं ऐकून विक्रेत्यानं तीनही जोड्या एकाच थैलीत भरायला घेतल्या. आम्ही किमतींची बेरीज केली. तेवढ्यात जॉर्जियाची दोन तिकिटं आली असती. विचार करून सांगतो, असं म्हणून आम्ही बाहेर पडलो. मराठी माणूस दुकानातून बाहेर पडताना हे वाक्य किती भाषांत बोलू शकतो याची मोजदाद व्हायला हवी.

मग मेव्हण्यानं एका मित्राचे महागडे मोजे उसने आणून प्रयोग सुरू केले. यासाठी थंडी कुठून आणायची? जबल जैसवर, असं त्याचं पहिलं उत्तर. रास अल खैमाचा हा डोंगर १,९०० मीटरच्या वर जातो, म्हणजे आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईहून बराच उंच, आणि त्यावर खरोखरीचा बर्फ पडल्याच्या नोंदी आहेत. डिसेंबर २००४, जानेवारी २००९, फेब्रुवारी २०१७. पण या वेगानं वाट पाहायची तर हातमोज्यांची हमी संपेल. ओलाव्याच्या बाबतीत या देशानं एकदा मनावर घेतलं होतं. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींत सगळ्यात जास्त. मेव्हण्याला अजून हळहळ वाटते की त्या दिवशी त्याच्याकडे हातमोजे नव्हते. मी म्हटलं, त्या दिवशी लोकांकडे गाड्याही राहिल्या नव्हत्या.

शेवटी पेट्रोल पंपावरच्या बर्फाच्या पिशव्या आल्या. बाल्कनीत बादली, बादलीत बर्फ आणि पाणी, आणि त्यात मनगटापर्यंत मोज्यासकट बुडवलेले मेव्हण्याचे दोन हात. पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, ‘आत पाणी नाही, दाजी.’ आठव्या मिनिटाला म्हणाला, ‘आत पाणी आहे, पण बादलीतलं नाही.’

तो घाम होता. या मोज्यांत असतो तो पातळ पडदा १९६९ साली बॉब गोर या अमेरिकन गृहस्थांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून शोधलेला. त्याची सूक्ष्म छिद्रं पाण्याच्या थेंबाला आत सोडत नाहीत, पण वाफेला बाहेर सोडतात. अट एकच, वाफेला बाहेर जावंसं वाटलं पाहिजे. आतली हवा दमट आणि बाहेरची कोरडी असेल तर ती जाते. ऑगस्टमधली शारजाची बाल्कनी म्हणजे स्वतःच एक मोजा. वाफेनं बाहेर डोकावून पाहिलं असेल आणि आतच बरं म्हणून परतली असेल.

मग बायकोनं परीक्षा घेतली. मोजे घालून बुटाची नाडी बांध, दोराची कडी म्हणजे कॅरॅबिनर उघड, मोटारीची किल्ली खिशातून काढ, आणि मोज्यांसकट चहाचा कप उचल. मेव्हणा पहिल्या दोन्हींत पास झाला. किल्ली बाल्कनीच्या जाळीतून दोन मजले खाली गेली. चहाचं मी लिहीत नाही, सतरंजी आमची होती. ओला हात बाहेर काढताना आतलं अस्तर बोटांबरोबर उलटं होऊन बाहेर आलं, आणि एकदा उलटलेलं अस्तर पुन्हा पाचही बोटांत बसवणं बर्फाच्या भिंतीवर सोडाच, सोफ्यावर बसूनसुद्धा जमेना. अस्तर मोज्याला शिवलेलं नको, किंवा मग नीट चिकटवलेलं हवं, हा धडा मित्राच्या मोज्यांवर शिकता आला हे नशीब.

या सगळ्याचा निकाल लागला तो रविवारी सकाळी, आणि मासळी बाजारात. देऱ्याचा जुना बाजार हलवून २०१७ पासून समुद्राकाठी वॉटरफ्रंट मार्केट झालंय. एसी आहे, फरशी चकाचक आहे, पण सुरमई आणि पापलेट बर्फावरच झोपतात. मी आपला सुरमईचा डोळा बघत होतो. मेव्हणा विक्रेत्याचे हात बघत होता.

तो माणूस चुऱ्याचा बर्फ फावड्यानं उपसत होता, हातानं लिंपत होता, बर्फाच्या पाण्यात हात घालून मासे काढत होता. शून्य अंश आणि ओलं, म्हणजे बरोबर ते हवामान. हातात नारिंगी रबरी मोजे आणि आत लोकरीचे. आम्ही बघत असताना त्यानं रबरी मोजे उतरवले, आतले ओलसर झालेले लोकरी मोजे काढून वजनकाट्यामागच्या गरम मोटारीवर वाळत टाकले, तिथलेच सुकलेले घातले आणि पुन्हा बर्फात हात घातले. सगळं मिळून अर्धं मिनिट.

‘दाजी,’ मेव्हणा कुजबुजला, ‘आतला वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि एक सुकी जोडी उबेला. पुस्तकात हेच दिलंय.’

त्यानं मोजे हातात घेऊन पाहिले. मनगटापाशी हिमकणाचं चित्र आणि खाली तीन आकडे छापलेले. युरोपचं ईएन ५११ मानक. पहिला आकडा हवेतल्या थंडीचा, दुसरा थंड वस्तू हातात धरण्याचा, तिसरा पाण्याचा. पाण्याला गुण दोनच, शून्य नाहीतर एक. आत येतं किंवा येत नाही. ‘कोई टेन्शन नहीं’ हा पर्याय त्यात नाही. शीतगृहात, बंदरावर, रीफर कंटेनरमधून आपली नाशिकची द्राक्षं उतरवणाऱ्यांच्या हातात जे मोजे असतात, त्यांवर हा शिक्का हवा. मॉलमधल्या मोज्यावर सोनेरी धाग्यानं डोंगर काढलेला असला की पुरे होतं.

घरी आल्यावर मेव्हण्यानं शोध घेतला तर जगातले बरेच बर्फचढे आधीच मासळी बाजाराच्या वाटेनं गेलेले. जपानच्या शोवा कंपनीचे टेमरेस नावाचे निळे मोजे, मुळात कामकऱ्यांसाठी केलेले, बाहेरून पाणी न येऊ देणारे आणि आतून उबदार अस्तराचे. दिसायला भांडी घासायचे. मॉलमधल्या जोडीच्या किमतीच्या काही अंशात मिळतात, म्हणून गिर्यारोहकांनी ते उचलले. पायात हजारोंचे बूट, अंगात हजारोंचं जॅकेट, आणि हात मोलकरणीचे. मेव्हण्यानं पातळ लोकरी मोज्यांसाठी सासूबाईंना फोन करून त्यांच्या विणकामाचा आकार बदलायला लावला, बाहेरून रबरी चढवले, आणि मोठ्या मिटनपुरते तेवढे पैसे मॉलमध्ये टाकले. विक्रेत्यानं ओळखलं. म्हणाला, ‘सर, मायनस थर्टी?’ मेव्हणा म्हणाला, ‘नहीं भाई, प्लस वन.’

कझबेगीहून फोटो आले. निळसर बर्फाची भिंत, तिच्यावर मेव्हणा, हातात मासेवाल्याचे मोजे. सासूबाईंनी फोनवर विचारलं, हात गार पडले का? हात ठीक होते. ‘पायाचं बघायला हवं, आई,’ तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्यांनी पायमोज्यांसाठी लोकर काढली.

मी पुढच्या रविवारी तो फोटो मासळी बाजारात दाखवला. त्या भल्या माणसानं आधी मोजे ओळखले, मग भिंत निरखली, मग विचारलं, ‘इसका पगार कितना देते हैं?’

‘पगार नहीं. अपना पैसा देकर जाते हैं.’

त्यानं माझी सुरमई तोलली, बर्फ झटकून पुन्हा तोलली, आणि म्हणाला, ‘उनको बोलो इधर आ जाएँ. सुबह चार बजे बरफ की गाड़ी आती है. पैसा मत लाना.’